विद्यार्थ्याचें वाचन आणि लेखकाचा हक्क

कॉलेजांत शिकणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातीं पूर्वीं वर्षाच्या आरंभीं पुस्तकांची यादी पडत असे. आतां बहुतेक ठिकाणीं त्या यादीबरोबर संगणकावरची एक फाईलहि येते. तींत एका ग्रंथाचें एक प्रकरण, दुसऱ्याच्या प्रस्तावनेचीं दहा पानें, एकाद्या नियतकालिकांतील निबंध, असें पंधरा-वीस ठिकाणचें वाचन एकत्र केलेलें असतें. शिक्षक तें विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ठेवतात आणि वर्गांतील प्रत्येक विद्यार्थी घरबसल्या तें उघडूं शकतो. सोय उत्तम आहे, यांत शंका नाहीं. परंतु घरांतील एकादी चौकस व्यक्ति विचारते, "हीं पानें ज्यांनीं लिहिलीं आणि ज्यांनीं छापलीं, त्यांची परवानगी घेतली आहे काय? घेतली नसेल, तर ही चोरी नव्हे काय?"

प्रश्न सरळ आहे. उत्तराला मात्र थोडें स्वस्थपणें बसावें लागतें. त्या उत्तराच्या अभावीं संस्था दोन टोकांना जातात. कांहीं ठिकाणीं "शिक्षणासाठीं सर्व कांहीं चालतें" असें समजून अख्खीं पुस्तकें स्कॅन करून जगाला खुलीं केलीं जातात. कांहीं ठिकाणीं "नको ती भानगड" म्हणून एक पानहि चढविलें जात नाहीं, आणि ग्रंथालयांतील एकुलत्या एका प्रतीसाठीं साठ विद्यार्थ्यांना ताटकळत राहावें लागतें. पहिल्या प्रकारांत लेखकाचें नुकसान होतें, दुसऱ्यांत विद्यार्थ्याचें. कायद्याला हे दोन्ही प्रकार अभिप्रेत नाहींत. त्याला काय अभिप्रेत आहे, हें समजण्यासाठीं त्याचा जन्म कसा झाला, तें प्रथम पाहिलें पाहिजे.

ग्रंथस्वामित्व, ज्याला व्यवहारांत कॉपीराइट म्हणतात, तें शेताच्या किंवा वाड्याच्या मालकीइतकें पुरातन नाहीं. या विषयावरचा पहिला समजला जाणारा कायदा इंग्लंडांत ॲन राणीच्या कारकीर्दींत १७१० सालीं झाला. विद्येला उत्तेजन देण्यासाठीं हा कायदा करण्यांत येत आहे, असें त्याच्या शीर्षकांतच म्हटलें होतें. नव्या पुस्तकावर लेखकाला १४ वर्षें, आणि त्यानंतर तो हयात असेल तर आणखी १४ वर्षें, एवढीच हक्काची मुदत त्यांत दिली होती. शिवाय पुस्तकाच्या ९ प्रती ठराविक ग्रंथालयांना देण्याची सक्ति होती, आणि त्या ग्रंथालयांत ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील विद्यापीठांचीं ग्रंथालयेंहि होतीं. लेखकाला श्रमाचा मोबदला मिळाला तर तो लिहील, त्यानें लिहिलें तर लोक शिकतील, असा हा सरळ हिशेब होता. लेखकाचा हक्क हें साधन आणि विद्येचा प्रसार हें साध्य, हें नातें या कायद्यानें प्रथमपासून जोडून दिलें. पुढें सांगावयाच्या दोन्ही खटल्यांत मात्र वादी म्हणून याच दोन विद्यापीठांचीं प्रकाशनगृहें उभीं राहिलीं, हा काळाचा एक विलक्षण फेराच म्हटला पाहिजे.

हिंदुस्थानांत या विषयाचा कायदा कंपनी सरकारच्या अमदानींत १८४७ सालीं आला. नंतर १९१४ चा आणि स्वातंत्र्यानंतर १९५७ चा कायदा झाला. हा शेवटचा कायदा, वेळोवेळीं दुरुस्त होऊन, चालू आहे. दरम्यान १८८६ सालीं स्वित्झर्लंडमधील बर्न येथें अनेक राष्ट्रांनीं लेखकांच्या हक्कांविषयीं एक करार केला होता. अध्यापनांत दृष्टांतादाखल दुसऱ्याच्या कृतीचा उपयोग करण्याची मोकळीक आपापल्या देशांत ठेवतां येईल, असें त्या कराराचें प्रचलित स्वरूप सांगतें. मात्र तो उपयोग हेतूला आवश्यक तेवढाच आणि न्याय्य व्यवहाराला धरून असावा, अशी अट त्यांत आहे. "हेतूला आवश्यक तेवढाच" हे शब्द ध्यानांत ठेवण्यासारखे आहेत. सर्व वादाची किल्ली त्यांतच आहे.

१९५७ च्या कायद्याच्या ५२ व्या कलमांत, कोणत्या गोष्टी केल्यानें हक्काचा भंग होत नाहीं, याची लांबलचक यादी आहे. तींत शिक्षणाविषयीं स्वतंत्र तरतूद आहे. शिक्षकानें किंवा विद्यार्थ्यानें अध्यापनाच्या ओघांत कोणत्याहि कृतीची प्रत काढली, परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेंत तिचा उतारा घातला, अथवा उत्तरांत तो लिहिला, तर तो भंग नव्हे. त्याच यादींत दुसरी, अधिक आखडलेली तरतूद आहे ती क्रमिक पुस्तकांसारख्या संग्रहांची: ज्यांतील बहुतेक मजकूर हक्कमुक्त आहे, अशा शिक्षणोपयोगी संग्रहांत हक्काधीन कृतींतील लहान उतारे घेतां येतात, पण त्याच प्रकाशकाला पांच वर्षांत एका लेखकाचे दोनांहून अधिक उतारे अशा रीतीनें घेतां येत नाहींत. पहिल्या तरतुदींत असा आंकडा मुळींच नाहीं. "अध्यापनाच्या ओघांत" एवढेच शब्द आहेत. त्या शब्दांचा अर्थ काय, यावरच दिल्लीचा खटला लढला गेला.

दिल्ली विद्यापीठाच्या दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या संस्थेच्या आवारांत रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस नांवाचें झेरॉक्सचें एक छोटें दुकान होतें. शिक्षकांनीं नेमून दिलेल्या निरनिराळ्या ग्रंथांतील पानांच्या प्रती काढून, त्यांचे संच बांधून, तें दुकान पानामागें ४० पैसे दरानें विद्यार्थ्यांना देत असे. ऑगस्ट २०१२ मध्यें ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशनसंस्थांनीं दुकानावर व विद्यापीठावर दिल्ली उच्च न्यायालयांत दावा लावला. त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत तात्पुरती मनाई होऊन संच निघणें बंद पडलें. विद्यार्थी व शिक्षक यांनीं आपापल्या संघटना स्थापून खटल्यांत भाग घेतला. इतकेंच नव्हे, तर ज्यांच्या पुस्तकांतील पानांवरून हा वाद चालला होता, त्यांपैकीं कित्येक लेखकांनींच २०१३ सालीं प्रकाशकांना दावा मागें घेण्याची विनंति केली.

१६ सप्टेंबर २०१६ रोजीं न्यायमूर्ति राजीव सहाय एंडलॉ यांनीं दावा फेटाळला. ग्रंथस्वामित्व हा कांहीं ईश्वरदत्त किंवा निसर्गसिद्ध हक्क नव्हे, तो समाजाच्या बौद्धिक उत्कर्षासाठीं कायद्यानें दिलेला हक्क आहे, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. त्यांच्या विद्यार्थिदशेंत मुलें ग्रंथालयांत तासन् तास बसून पानेंच्या पानें हातानें उतरून घेत. तें कृत्य जर अपराध नव्हतें, तर यंत्रानें तेंच काम लवकर होऊं लागलें एवढ्यानें तें अपराध कसें ठरेल, असाहि विचार त्यांनीं मांडला.

अपील झालें. ९ डिसेंबर २०१६ रोजीं न्यायमूर्ति प्रदीप नंदराजोग व न्यायमूर्ति योगेश खन्ना यांनीं त्याचा निकाल दिला. 'अध्यापनाचा ओघ' म्हणजे केवळ वर्गांतील तासाभराचें व्याख्यान नव्हे. शिक्षकानें सत्राची आंखणी करण्यापासून विद्यार्थ्याच्या अभ्यासापर्यंतची सर्व प्रक्रिया त्यांत येते. प्रती अनेक असल्या किंवा त्या तिऱ्हाइताकडून काढून घेतल्या, तरी त्यानें मूळ स्वरूप बदलत नाहीं. आणि किती पानें घ्यावींत, याची कसोटी एकच: अध्यापनाच्या हेतूला तीं आवश्यक आहेत काय? न्यायालयानें असेंहि म्हटलें कीं, शिक्षणानें अधिक लोक वाचते व मिळवते झाले, तर पुढें पुस्तकांचा बाजार वाढण्याचाच संभव आहे. मात्र प्रत्यक्ष संचांतील पानें हेतूपुरतींच होतीं काय, आणि संपूर्ण पुस्तकांच्या प्रती काढल्या गेल्या त्याचें काय, या दोन मुद्द्यांपुरता दावा पुन्हां चौकशीसाठीं खालीं पाठविण्यांत आला. ती चौकशी पुरी होण्यापूर्वींच, मार्च २०१७ मध्यें, प्रकाशकांनीं दावा काढून घेतला. आणि प्रतिलिपींचे परवाने देणाऱ्या एका संस्थेनें केलेलें अपील ९ मे २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दाखल करून घेण्यास नकार दिला.

या निकालाचा अर्थ लावतांना अनेकांची गफलत होते. "न्यायालयानें झेरॉक्सला मोकळें रान दिलें," असें म्हणणारे, चौकशीसाठीं उरलेले ते दोन मुद्दे विसरतात. न्यायालयानें दार उघडलें खरें. पण उंबरठ्यावर 'हेतूपुरतें' हा पहारेकरी बसवूनच उघडलें.

दिल्लीचा वाद कागदाचा होता. अमेरिकेंतील वाद थेट पडद्यावरच्या वाचनाचा होता. त्या देशांत संच विकणाऱ्या दुकानांवर पूर्वींच खटले झाले होते. १९९१ सालीं किंको या साखळी-दुकानाला न्यूयॉर्कच्या न्यायालयानें ५ लाख १० हजार डॉलर भरपाई द्यावयास लावली होती, आणि १९९६ सालीं मिशिगन राज्यांतील अशाच एका दुकानाविरुद्ध निकाल गेला होता. दुकानें नफा मिळवीत होतीं, हा तेथें मोठा मुद्दा झाला. पुढें संच कागदावरून संगणकावर गेले आणि दुकान मधून निघून गेलें. मग प्रश्न असा उभा राहिला कीं, विद्यापीठ स्वतःच, एक पैसाहि न घेतां, विद्यार्थ्यांना तीं पानें दाखवूं लागलें तर काय?

जॉर्जिया राज्याच्या अटलांटा शहरीं जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटी नांवाचें सरकारी विद्यापीठ आहे. एप्रिल २००८ मध्यें केंब्रिज, ऑक्सफर्ड व सेज या तीन प्रकाशनसंस्थांनीं त्याच्या अधिकाऱ्यांवर दावा लावला. दावा चालू असतांनाच २००९ सालीं विद्यापीठानें आपले नियम सुधारले. पासवर्डावांचून वाचन उघडूं नये, आणि प्रत्येक उताऱ्याविषयीं शिक्षकानें एक तक्ता भरून, तो न्याय्य कां आहे, हें आधीं स्वतःशींच तपासावें, असें ठरलें. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यानें 'न्याय्य वापरा'च्या चार कसोट्या घालून दिल्या आहेत: वापराचा हेतु कोणता, मूळ कृति कोणत्या जातीची, तींतून किती व केवढ्या महत्त्वाचा भाग घेतला, आणि त्यामुळें मूळ कृतीच्या विक्रीवर काय परिणाम होतो.

मे २०१२ मध्यें न्यायाधीश ओरिंडा एव्हान्स यांनीं ७४ उतारे एकेक करून तपासले आणि त्यांपैकीं अवघ्या ५ ठिकाणीं भंग झाल्याचें ठरविलें. हें करतांना त्यांनीं एक सुटसुटीत माप योजलें: पुस्तकाचीं प्रकरणें दहांहून कमी असतील तर शेंकडा १० पर्यंत पानें, आणि दहा किंवा अधिक असतील तर एक प्रकरण. हें माप लोकांना फार आवडलें, कारण तें मोजतां येण्यासारखें होतें. परंतु ऑक्टोबर २०१४ मध्यें अपील न्यायालयानें तेंच नापसंत केलें. सर्वांना एकच फूटपट्टी लावूं नये, प्रत्येक कृति तिच्या परिस्थितींत पाहावी, असें त्या न्यायालयानें बजावलें. खटला खालीं आला, २०१६ सालीं पुन्हां निकाल झाला; २०१८ सालीं तोहि फिरविला गेला; आणि मार्च २०२० मध्यें तिसरा निकाल लागला. १२ वर्षें हें चाललें. तिन्ही वेळां बहुसंख्य उतारे न्याय्यच ठरले, आणि तिन्ही वेळां कांहीं थोडे ठरले नाहींत.

फूटपट्टी कां चालत नाहीं, हें मराठी वाङ्मयाच्या वर्गांतील उदाहरणानें चटकन् समजेल. चाळीस कवितांच्या संग्रहांतून शेंकडा १० प्रमाणें चार कविता घेतल्या, तर संग्रहाच्या दृष्टीनें तो लहानसा अंश. पण कविता ही स्वतः एक पूर्ण कृति आहे, आणि शिक्षकानें अर्धी कविता शिकवावी काय? तेव्हां येथें पूर्ण कृति घेणेंहि हेतूपुरतें असूं शकतें. याच्या उलट उदाहरण असें: एकाद्या छोट्या मराठी प्रकाशकानें समाजशास्त्राच्या दुसऱ्या वर्षासाठींच दोनशें पानांचें पुस्तक काढलें. मराठींत हजार-अकराशें प्रतींची आवृत्ति ही नेहमींची गोष्ट. ज्या वर्गासाठीं तें लिहिलें, त्याच वर्गासाठीं दर महिन्याला वीस पानें चढविलीं, तर प्रत्येक वेळीं शेंकडा १० चा नियम पाळला जाईल, आणि वर्षअखेर पुस्तक घरोघरीं फुकट पोंचून दुकानांत मात्र धूळ खात पडेल. पुढल्या वर्षीं तो प्रकाशक दुसरें पुस्तक काढण्याच्या भानगडींत पडणार नाहीं. आणि मराठींतून शिकूं पाहणाऱ्या विद्यार्थ्याला मराठींत पुस्तकच उरणार नाहीं. मोठ्या परदेशी संस्थेला जो घाव लागत नाहीं, तो छोट्या घराला बुडवितो. म्हणून संदर्भासाठीं लिहिलेला ग्रंथ आणि त्याच वर्गाला विकण्यासाठीं लिहिलेलें पाठ्यपुस्तक, यांना एका मापानें मोजणें अन्यायाचें आहे.

इंग्लंडनें तिसरी वाट धरली आहे. तेथील कायद्याप्रमाणें शिक्षणसंस्थेला एका कृतीचा शेंकडा ५ पर्यंत भाग वर्षाकांठीं विनापरवाना घेतां येतो. पण जेथें परवाना विकत मिळतो, तेथें ही सवलत राहत नाहीं. मग विद्यापीठें एका सामायिक परवाना-संस्थेला ठोक रक्कम देतात आणि तिच्या अटींप्रमाणें एक प्रकरण किंवा शेंकडा १० पानें घेतात. यांत लेखकाला कांहीं पैसे पोंचतात आणि शिक्षकाला मोजमाप ठाऊक असतें, हा फायदा. संस्थेला दरसाल पैसे मोजावे लागतात, हा खर्च. ज्या देशांत हजारों कॉलेजें बेताच्या उत्पन्नावर चालतात, तेथें ही वाट जशीच्या तशी उचलणें सोपें नाहीं.

आतां कागद आणि पडदा यांतील फरकाकडे वळावें. झेरॉक्सचा संच वर्गांतील साठ जणांच्या हातीं जातो आणि वर्षअखेर रद्दींत निघतो. पडद्यावर ठेवलेली प्रत एकच असली, तरी ती साठांना, साठ हजारांना किंवा अख्ख्या जगाला सारखीच दिसते; ती झिजत नाहीं, जुनी होत नाहीं, आणि काढली नाहीं तर वर्षानुवर्षें तेथेंच राहते. म्हणजे कागदाला ज्या मर्यादा स्वभावतःच होत्या, त्या पडद्याला मुद्दाम घालाव्या लागतात. अटलांटाच्या विद्यापीठानें पासवर्ड घातला, तो याचसाठीं.

भारतीय कायद्याच्या दृष्टीनें हा फरक आणखी महत्त्वाचा आहे. कायद्यानें लेखकाला जे निरनिराळे हक्क दिले आहेत, त्यांत कृतीची प्रत काढणें हा एक, आणि ती लोकांपर्यंत पोंचविणें हा दुसरा, स्वतंत्र हक्क आहे. संगणकांत सांठविणें हें प्रत काढण्यांतच मोडतें, असें कायदा स्पष्ट म्हणतो. अध्यापनाची सवलत आहे ती प्रत काढण्याची. जगापुढें मांडण्याची नव्हे. दिल्लीच्या निकालानें कागदी संचाचा प्रश्न सोडविला. संकेतस्थळावर ठेवलेल्या वाचनाचा प्रश्न त्याच्यापुढें नव्हता. म्हणून वर्गापुरत्या बंद दालनांत ठेवलेलीं पानें 'अध्यापनाच्या ओघांतील प्रत' या छत्राखालीं पुष्कळशीं येतात असें म्हणण्यास जागा आहे. खुल्या संकेतस्थळावर टाकलेल्या पानांना तें छत्र पुरणें कठीण. आणि जाणूनबुजून केलेल्या भंगाला या कायद्यानें ३ वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितली आहे, हेंहि विसरतां कामा नये.

मग शिक्षकानें आणि ग्रंथपालानें चालावें तरी कसें? पहिली गोष्ट ही कीं, प्रत काढण्याची गरज आहे काय, हेंच आधीं पाहावें. जो निबंध ग्रंथालयाच्या वर्गणींतून वाचावयास मिळतो, त्याची पीडीएफ चढविण्याऐवजीं त्याचा दुवा द्यावा. दुवा देणें म्हणजे कपाट दाखविणें. पुस्तक तेथल्या तेथेंच राहतें. भारत सरकारनें 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना नोव्हेंबर २०२४ मध्यें मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठीं तिला ६,००० कोटी रुपये ठरविण्यांत आले. ३० प्रकाशकांचीं सुमारें १३,००० नियतकालिकें ६,३०० सरकारी शिक्षण व संशोधन संस्थांना खुलीं व्हावींत, असा तिचा बेत. ज्या संस्थेला हें दार उघडें आहे, तिनें नियतकालिकांतील लेखांच्या प्रती चढवीत बसण्याचें कारण नाहीं. मात्र ही योजना नियतकालिकांची आहे. ग्रंथांचा प्रश्न तिनें सुटत नाहीं.

दुसरी गोष्ट, कोणतें वाङ्मय मुळांतच मोकळें आहे, हें जाणून घ्यावें. भारतांत लेखकाच्या हयातींत आणि त्याच्या मृत्यूच्या वर्षानंतर ६० वर्षें हक्क चालतो. १९९२ पूर्वीं ही मुदत ५० वर्षांची होती. साने गुरुजी १९५० सालीं वारले. त्यांच्या हयातींत छापलेलें लेखन २०११ च्या आरंभापासून सर्वांचें झालें. बा. सी. मर्ढेकर १९५६ सालीं वारले. त्यांच्या कविता २०१७ पासून मोकळ्या आहेत. इरावती कर्वे यांचें निधन १९७० सालीं झालें. त्यांच्या ग्रंथांवरील हक्क २०३० च्या अखेरपर्यंत चालेल. येथें एक सूक्ष्म भेद आहे. मूळ ग्रंथ कितीहि जुना असो, त्याचें नवें भाषांतर, नवी प्रस्तावना आणि नव्या टीपा यांवर त्या त्या लेखकाचा स्वतंत्र हक्क असतो. कालिदासाचें नाटक कोणाचेंहि नाहीं. पण हयात विद्वानानें केलेलें त्याचें मराठी रूपांतर त्या विद्वानाचें आहे. न्यायालयांचे निकाल मात्र, न्यायालयानें विशेष मनाई केली नसेल तर, कोणालाहि छापतां येतात. कायद्याच्या विद्यार्थ्यांना ही मोठीच सोय आहे. शिवाय २००२ सालापासून क्रिएटिव्ह कॉमन्स नांवाचे परवाने प्रचारांत आले आहेत; त्यांखालीं कित्येक लेखक आपलें लेखन काय अटींवर वापरतां येईल, हें आरंभींच सांगून ठेवतात. अट वाचावी व ती पाळावी, एवढेंच वापरणाऱ्याचें काम.

तिसरी गोष्ट, जेथें प्रत काढणेंच प्राप्त आहे, तेथें धडा पुढें ठेवून पानें निवडावींत. या तासाला हीं पानें कां हवींत, हें शिक्षकाला दोन वाक्यांत सांगतां आलें पाहिजे. सांगतां येत असेल तर तीं घ्यावींत. "असूं द्या, उपयोगीं पडतील" एवढेंच उत्तर असेल तर सोडून द्यावींत. मूळ ग्रंथ ग्रंथालयानें विकत घेतलेला असावा. पानांवर लेखकाचें, ग्रंथाचें व प्रकाशकाचें नांव स्वच्छ लिहावें, म्हणजे ज्याला गोडी लागेल त्याला पूर्ण ग्रंथ मागवितां येईल. वर्गांतील विद्यार्थ्यांखेरीज इतरांना तीं पानें दिसूं नयेत, आणि सत्र संपलें कीं तीं काढून घ्यावींत. पुढच्या वर्षीं लागलीं तर पुन्हां विचार करून पुन्हां ठेवावींत. जुनें तेंच पुढें चालूं द्यावें, ही संवय येथें घातक ठरते.

चौथी गोष्ट अनेक प्राध्यापकांना चमत्कारिक वाटेल. स्वतः लिहिलेला निबंधहि नेहमीं स्वतःचा असतोच असें नाहीं. छापण्यासाठीं देतांना ज्या करारावर सही केली, त्यानें हक्क बहुधा प्रकाशकाकडे गेलेला असतो. कित्येक नियतकालिकें लेखकाला स्वीकृत हस्तलिखित आपल्या संस्थेच्या भांडारांत ठेवूं देतात. छापील पानें ठेवूं देत नाहींत. तेव्हां सही करण्यापूर्वीं करार वाचणें, आणि अध्यापनासाठीं वापरण्याचा हक्क त्यांत राखून ठेवणें, हें प्रत्येक लेखक-शिक्षकानें केलें पाहिजे.

आणि शेवटीं, जेथें हेतु मोठा भाग मागतो व कायदा तेवढा देत नाहीं, तेथें विचारावें. विचारण्याचा मार्ग लोक विसरतात. मराठी प्रकाशक कांहीं सातासमुद्रांपलीकडे बसलेला नसतो. पुण्यांत किंवा मुंबईंत एका पत्राच्या अंतरावर असतो. अमुक वर्गासाठीं, अमुक पानें, अमुक मुदतीपर्यंत, असें स्पष्ट लिहिलेल्या पत्राला होकार मिळण्याचा संभव असतो, आणि नकार मिळाला तरी पुस्तकाच्या दहा प्रती सवलतीनें ग्रंथालयांत घेण्याचें बोलणें त्याच पत्रांतून निघूं शकतें.

घरांतील त्या चौकस व्यक्तीच्या प्रश्नाला तेव्हां उत्तर असें द्यावें लागेल. वर्गाला धड्यासाठीं लागणारीं पानें, वर्गापुरतीं व सत्रापुरतीं दाखविणें ही चोरी नव्हे. ती मोकळीक कायद्यानें शिक्षकाला समजून-उमजून दिलेली आहे, आणि भीतीपोटीं ती न वापरणें हा विद्यार्थ्यावर अन्याय आहे. पुस्तक विकत घेण्याची गरजच नाहींशी व्हावी, अशा बेतानें तें चढविणें मात्र त्या मोकळिकीबाहेरचें आहे, मग हेतु कितीहि परोपकाराचा असो. या दोहोंमधील रेघ कोणत्याहि न्यायालयाला एकदांच कायमची आंखून देतां आलेली नाहीं. ती दर सत्राच्या आरंभीं, पुस्तक समोर ठेवून, शिक्षकानें आणि ग्रंथपालानें मिळून आंखावयाची असते. पानें निवडण्यांत जो विवेक लागतो, तो विद्यार्थ्यांनाहि दिसतो. आणि उद्यां लिहिणारे त्यांच्यांतूनच निघावयाचे आहेत.